मधला भाग आमच्या घरी

आमच्या घरातल्या सगळ्या रहस्यकथा अर्ध्या वाक्याने सुरू होतात आणि अर्ध्या वाक्याने संपतात. एक पुस्तक ‘च्या हातात कंदील होता, पण विझलेला’ असं सुरू होतं. दुसरं ‘नाही, असे इन्स्पेक्टर म्हणाले’ असं. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही, पुस्तकाचंही नाव नाही. खून कोणाचा झाला हे अंदाजाने ओळखायचं आणि कोणी केला हे विसरून जायचं. मी तुमसरच्या शाळेत मराठी शिकवत निवृत्त झाले. निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असावा, असं पोरांना दरवर्षी सांगत आले. घरी पाहावं तर पेटीभर नुसता मध्य.

याला कारण खदान. वडील चिखल्याच्या मँगनीजच्या खदानीत खाली उतरून काम करायचे आणि आम्ही तिथल्या कॉलनीत क्वार्टरमध्ये राहायचो. वडिलांना रहस्यकथांचा नाद होता. तोच नाद शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांना होता आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका अविवाहित गृहस्थांना होता. तिघांत मिळून एक पुस्तक यायचं, तुमसर रोड स्टेशनच्या स्टॉलवरून, जो कोणी त्या बाजूला जाईल त्याच्या पिशवीतून. अडचण एवढीच की तिघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. एक खाली उतरत असायचा, दुसरा वर येत असायचा आणि तिसरा झोपलेला असायचा. एकाने वाचायचं म्हणजे बाकीच्या दोघांनी थांबायचं, आणि थांबायची तयारी कोणाचीच नव्हती. मग त्यांनी दाढीच्या ब्लेडने पुस्तकाचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दाभण-सुतळीने शिवून घेतला. हजेरीच्या शेडपाशी पाळी सुटताना तुकड्यांची अदलाबदल व्हायची. एखाद्याला खुनी आधी कळायचा आणि खून नंतर. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

वाचन चालू असेतो तुकडा ज्याच्या त्याच्या डब्याच्या पिशवीत असायचा, घरच्यांच्या हाती लागायचा नाही. सगळ्यांचं वाचून झालं की तुकडे ठरलेल्या घरी जात. पहिला भाग त्या अविवाहित गृहस्थांकडे, मधला आमच्याकडे, शेवटचा शेजारी. पाळ्या दर आठवड्याला बदलत, भाग मात्र कधी बदलले नाहीत. आपल्याकडे मधलाच भाग का, असं मी एकदा वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “आपलं क्वार्टर मधात हाय.” होतंही ते दोघांच्या मधात. त्यामुळे पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

पुस्तक कापताना फक्त जाडी पाहिली जायची. ब्लेडला गोष्ट कळत नाही. त्यामुळे कोणाचा तरी हात दाराच्या कडीवर असताना आमचा भाग संपायचा आणि तो हात आमच्या घरात कायमचा तसाच कडीवर राहायचा.

आई सातवी शिकलेली. माहेर धानाच्या शेतीचं. तिथे पुस्तक म्हणजे पंचांग. लग्न होऊन कॉलनीत आली आणि तिला दुपारच्या वेळी वाचायला खून मिळाले. शेजारच्या मावशींचंही, म्हणजे काकांच्या बायकोचंही, तसंच. पहिला भाग दोघींनाही कधी मिळाला नाही, कारण एकट्या राहणाऱ्या पुरुषाच्या दारात जाऊन पुस्तक मागणं त्या काळच्या रीतीत बसण्यासारखं नव्हतं. आईला त्याचं दुःख नव्हतं. “सुरुवातीत काय असते?” ती म्हणायची. “एक माणूस मरते. मंग कोण कोठं होतं ते इचारतेत. मधातून धरलं तरी चालते.” पुढे मी कथेच्या रचनेवर बरंच वाचलं, शिकवलंही. हे खोडून काढणारं काही सापडलं नाही.

मधला भाग आणि शेवटचा भाग यांची देवाणघेवाण दोन्ही घरांच्या मागल्या अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून व्हायची. आई मधला भाग वाचून मावशींना द्यायची आणि त्या बदल्यात त्या शेवट द्यायच्या. शेवट त्यांच्याच घरी असल्यामुळे त्यांना खुनी नेहमी आधीच ठाऊक असायचा. नियम एकच. शेवट तोंडाने सांगायचा नाही. वडिलांना विचारण्यात अर्थ नव्हता, नवं पुस्तक हाती आलं की त्यांना मागचा खुनी आठवायचा नाही. आई नळावर विचारून विचारून त्यांचं डोकं खायची आणि मावशी अळीमिळी गुपचिळी. फार झालं तर म्हणायच्या, “मले काय माहीत वो बाई?” म्हणताना तोंड असं करायच्या की खून त्यांनीच केला असावा.

त्याच भिंतीवरून एक जर्मनची गंजीही जायची-यायची. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम आणि गंजी म्हणजे पातेलं, आमच्याकडे हीच नावं. मावशींच्या सासरचे लोक मोहाडीकडच्या एका गावात तळ्यात मासे धरायचे. काका गावाहून आले की गंजीत मासे घालून, वर ताटली झाकून मावशी ती भिंतीवर ठेवायच्या. आई मासे काढून घ्यायची, गंजी घासायची आणि तिच्यात काहीतरी घालून परत ठेवायची. जवसाची चटणी, मूठभर पोहे, लाखोळीच्या डाळीचे वडे, काहीच नसलं तर गुळाचा खडा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. रिकामं भांडं परत केलं म्हणजे तुमचं-आमचं संपलं.

मी पाचवीत असताना आई आणि मावशी यांचं बोलणं बंद झालं. कारण पिवळा बंगला.

पुस्तकांना नावं नसल्यामुळे आई ती आपल्या खुणेने ओळखायची. लंगड्या कारकुनाचं, बर्फाच्या कारखान्याचं, पिवळ्या बंगल्याचं. पिवळ्या बंगल्यात एका श्रीमंत म्हाताऱ्याला दुधातून विष दिलेलं असतं आणि घरात बरेच संशयित असतात. त्यांतला एक डॉक्टर. शांत, गरीब, बोलायला गोड. आईचा या डॉक्टरवर जीव होता. वडिलांना हे माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती. आमच्याकडचा भाग या वाक्यावर संपायचा : ‘डॉक्टरांनी मागे वळून पाहिले आणि’.

या ‘आणि’ने आईचं खाणंपिणं सुटलं. मावशींच्या घरी कोणी आजारी होतं म्हणून शेवट मिळायला उशीर झाला, तोवर आई नळावर त्यांचा पिच्छा पुरवत राहिली. डॉक्टर नाही ना, एवढं सांग. नुसती मान हलव. एके दिवशी सगळ्या बायकांसमोर मावशी म्हणाल्या, “डाक्टरच हाय खुनी. झालं समाधान?”

आई भरलेली बादली नळाखाली तशीच ठेवून घरी आली. चिखल्यात उन्हाळ्याच्या दिवसांत भरलेली बादली सोडून येणं ही साधी गोष्ट नव्हती. बादली वडिलांनी आणली.

त्या संध्याकाळी भिंतीवर गंजी आली. सकाळी आईने ती परत ठेवली. मग वर्षानुवर्षं ती तशीच येत-जात राहिली, मासे इकडे, चटणी तिकडे, आणि दोघी एकमेकींशी शब्द बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाला एका घरात समोरासमोर बसायच्या आणि दोघी मिळून तिसरीशी बोलायच्या. वडील आणि काका हजेरीच्या शेडपाशी आपली पुस्तकं बदलत राहिले. बायकांच्या भांडणात त्यांनी लक्ष घातलं नाही, कारण त्यांच्या मते भांडणच झालेलं नव्हतं. एका पुस्तकावरून कोण भांडतं?

शेवट मिळायचे बंद झाले तेव्हा आईने ते स्वतः करायला घेतले. आम्हा भावंडांना दुपारी ती हे खून सांगायची. गोष्ट अर्ध्या वाक्याने सुरू व्हायची, कारण पुस्तकात तसंच होतं, आणि शेवट आईचा असायचा. खुनी बहुधा नवऱ्याचा मोठा भाऊ निघायचा. आमचे मोठे काका भेटायला आले की आम्ही पोरं त्यांच्या हातातल्या दुधाच्या पेल्याकडे बघत बसायचो. पिवळ्या बंगल्याचं ती बरेचदा सांगायची, पण त्यात डॉक्टर प्रत्येक वेळी निर्दोष सुटायचा. मावशी काय म्हणाल्या होत्या ते आम्हाला माहीत होतं. कोणी बोलायचं नाही.

काका निवृत्त झाले आणि मावशींचं बिऱ्हाड गावी गेलं. त्या वेळी गंजी आमच्याकडे होती. आई दुसऱ्या दिवशी परत ठेवायला गेली तर भिंतीपलीकडचं क्वार्टर रिकामं. पुढे वडील वारले, आई तुमसरला माझ्याकडे आली. येताना सामानात पुस्तकांची लोखंडी पेटी होती आणि गंजी होती. त्या गंजीत तिने कधी काही शिजवलं नाही. लोकांची आहे, म्हणायची.

आता गेल्या वर्षीचं. आमच्या निवृत्त शिक्षकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात सकाळी फुलं येतात, दुपारी औषधं येतात आणि संध्याकाळी देशाचं भवितव्य येतं. एकाने त्यात कळवलं की जुन्या, विसरल्या गेलेल्या मराठी रहस्यकथा आता काही मंडळी शोधून पुन्हा छापत आहेत आणि लोक त्या आवडीने वाचत आहेत. मी वैतागून लिहिलं, आमच्याकडे पेटीभर आहेत, घेऊन जा. माझ्या वैतागाचा असा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. आठ दिवसांत नागपूरहून एक गृहस्थ येऊन दाखल झाले.

ते यायच्या आधी मी पेटी उघडून ती पुस्तकं कित्येक वर्षांनी वाचली. वाचण्याआधी माझं मत ठरलेलं होतं. मराठीच्या मास्तरणीला रहस्यकथेबद्दल दुसरं मत असायची परवानगी नसते. पण खरं सांगायचं तर ती चांगली होती. वाक्यं छोटी आणि स्वच्छ. कोणी चंद्राकडे पाहून उसासे टाकत नव्हतं. माणूस खोलीत शिरला तर दारातून शिरायचा आणि दार कोणत्या बाजूला उघडतं हे आपल्याला सांगितलेलं असायचं, कारण पुढे त्याची गरज पडणार असायची. लिहिणाऱ्यांना घाई होती, कागद हलका होता, पण वाचणारा मूर्ख आहे असं त्यांनी कुठे धरलेलं नव्हतं. असं अभ्यासक्रमातल्या सगळ्या पुस्तकांबद्दल म्हणता येत नाही. ही पुस्तकं लोकांनी प्रवासात वाचली आणि स्टेशनवर टाकून दिली. ग्रंथालयांनी ती ठेवली नाहीत. जी टिकली ती आमच्यासारख्या पेट्यांत, आणि तीही तिसरा हिस्सा.

नागपूरच्या गृहस्थांनी पातळ रबरी हातमोजे घातले. आई खाटेवर बसून पाहत होती. तिला काचबिंदू झालेला आहे. उजवा डोळा गेला आणि डाव्याने तिला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रातून पाहावं तेवढंच दिसतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की थेंब घालत राहा, पण हाही डोळा जाणार आहे, कधी ते सांगता येत नाही. हातमोजे मात्र तिला दिसले. “हे काय तपासून राहिले?” तिने मला विचारलं.

त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं, मग तिसरं.

“सुरुवात?” ते म्हणाले.

“नाही.”

“शेवट?”

“नाही.”

“कशाचाच?”

मी त्यांना पाळ्यांची हकिगत सांगितली. माणूस सभ्य होता. त्याने हातमोजे काढले, चहा घेतला आणि निघायची तयारी केली. उठता उठता पिवळ्या बंगल्याचं पुस्तक त्यांच्या हातात आलं आणि ते पुन्हा खाली बसले. हे पुस्तक ते बरीच वर्षं शोधत होते. त्यांच्याकडे एक प्रत होती, पण तिची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. आणखी एक प्रत कुणाकडे तरी आहे असं ऐकलं होतं, ती निघाली दुसऱ्याच पुस्तकाची. शेवट मिळाला तर ते लगेच छापणार होते. खुनी कोण, हे आज कुणालाच माहीत नाही, असं ते म्हणाले आणि खरोखर कष्टी दिसले.

“तिच्याकडं असन,” आई म्हणाली.

पन्नासएक वर्षांत आईच्या तोंडून मावशींचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. तेही ‘तिच्याकडं’ एवढाच.

गृहस्थांना लगेच निघायचं होतं, त्यांच्याकडे गाडी होती. आई म्हणाली, परक्या माणसाला घेऊन मी तिच्या दारात जाणार नाही. मी म्हटलं, आधी फोन नंबर शोधू, त्या आहेत-नाहीत बघू. आई म्हणाली, हाय. दोन दिवस तिने मला स्वस्थ बसू दिलं नाही. लाखोळीची डाळ भिजत घालायला लावली, वडे तळायला लावले, गंजी स्वतः राखेने घासली. मला राग आला होता. पुस्तकाच्या शेवटासाठी एवढी घाई कशाला, असं मी म्हणून गेले, आणि म्हणता म्हणता मलाच कळलं. शेवट ऐकायला डोळे लागत नाहीत. तो तिला पुढच्या वर्षीही ऐकता आला असता. तिला घाई होती ती मावशींना पाहायची. दिसतं आहे तोवर.

ओळखीच्या ऑटोने निघालो. मोहाडीपर्यंत आई वड्यांची गंजी मांडीवर धरून बसली होती. मोहाडीचा बाजाराचा दिवस होता, रस्ता भरलेला. पुढे गावाकडे वळल्यावर तळं लागलं. काठावर जाळी वाळत घातलेली. मावशींचं घर विचारलं तर चार जणांनी चार बोटं दाखवली, सगळी एकाच घराकडे. म्हणजे आई म्हणाली तसं होतं. मावशी होत्या.

अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. गुडघे गेलेले, त्यामुळे उठल्या नाहीत. आम्हाला पाहिलं, मला ओळखलं नाही, आईला ओळखलं, आणि लसूण सोलत राहिल्या. आई अंगणाच्या मधोमध उभी. मी म्हटलं आता ही इथूनच परत फिरते की काय.

“कोठं हायेस?” आई म्हणाली. “मले नीट दिसत नाही. उजेडाकडं तोंड कर. डाव्या बाजूनं.”

मावशींनी लसणाचं सुपडं बाजूला ठेवलं आणि तोंड वळवलं. आई त्यांच्या अगदी जवळ गेली, वाकली आणि बराच वेळ पाहत राहिली. एवढं निरखून ती नणंदांनी आणलेल्या साड्यांकडेही पाहायची नाही.

“म्हातारी झाली वो तू,” आई म्हणाली.

“तू का सोळाची हायेस?” मावशी म्हणाल्या. “बस.”

आईने गंजी पुढे केली. “तुही गंजी. राहून गेली होती.” मावशींनी ताटली उचलून वास घेतला, सुनेला हाक मारून वडे आत पाठवले आणि गंजी मांडीजवळ ठेवून घेतली. मग मी येण्याचं कारण सांगितलं. पिवळा बंगला म्हटल्यावर मावशींच्या तोंडावर काही तरी येऊन गेलं. शेवट त्यांच्याकडे होते. काकांच्या मागे त्यांनी एकही फेकला नव्हता. सुनेने आतून प्लॅस्टिकचं पोतं आणून ओतलं, त्यात सुतळीने शिवलेले सगळे तुकडे. पिवळ्या बंगल्याचा शोधायला मला वेळ लागला नाही, कारण ज्या वाक्याचं शेपूट शोधायचं होतं ते मला पाठ होतं.

आईलाही होतं. मी तुकडा उघडल्याबरोबर ती म्हणाली, “डॉक्टरांनी मागे वळून पाहिले आणि”.

मी वाचलं, “दिव्याची वात वर केली.”

“एवढंच?” आई म्हणाली.

मी पुढे वाचत गेले. मध्येच चहा आला, कोंबड्या हाकलून झाल्या, सून कणीक मळायची थांबून दारात येऊन उभी राहिली. खुनी होती म्हाताऱ्याची सख्खी बहीण, जी मधल्या भागात पानोपानी रडत असते. डॉक्टर नव्हता. डॉक्टरने तर शेवटी तिला पकडून दिलं, आणि तेही आवाज न चढवता. मी वाचून थांबले.

“मले तिचाच संशय होता,” आई म्हणाली. हे खोटं होतं. मग ती मावशींकडे वळली. “पण तू तं डाक्टर सांगितलं होतं.”

“खोटं सांगितलं होतं.”

“काहून?”

“काहून म्हणजे? रोज रोज नळावर पिच्छा धरला होता तू. खरं सांगू तं मजा जाते, नाही सांगू तं तू सोडत नाही. म्हटलं खोटं सांगतो. वाचशीन तं तुलेच हासू येईन. म्हून त्याच सांजेले शेवट पाठवला ना. गंजीत, ताटलीखाली.”

आईने हाताने चाचपून गंजी शोधली.

“मासे नव्हते त्या दिवशी,” मावशी म्हणाल्या. “नुसता भागच होता, पन्नीत गुंडाळून. सकाळी गंजी परत आली, भाग आत. म्हटलं वाचला बाईनं. आता येते का मंग येते. तू आलीच नाही. वाचून, कळून, तरी बोलत नाही, एवढी मजाक बी सोसत नाही, तं राहू दे. म्हून मी बी नाही बोलली.”

“मी वाचलाच नाही,” आई म्हणाली.

“आँ?”

“शेवट सांगून टाकला होता ना तू. मंग वाचू कायले? पन्नी सोडली बी नाही.”

“मंग गंजीत तोच काहून टाकला परत?”

“घरात काही नव्हतं त्या दिवशी. गूळ बी सरला होता. गंजी रिकामी कशी देऊ?”

“एवढा राग होता तं रिकामी देतीस.”

“राग तुझ्यावर होता,” आई म्हणाली. “गंजीवर नाही.”

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. भिंत कमरेएवढी होती. एकीने विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण आईकडे मधला भाग होता आणि मावशींकडे शेवटचा, आणि दोघींनी आपापल्या भागावरून पूर्ण गोष्ट लावून घेतली होती. दोघींच्या गोष्टीत चूक काढता येत नव्हती, हेच वाईट होतं.

सगळ्यात आधी हसल्या मावशी. आवाज न करता, नुसतं पोट हलवत. आईला ते दिसलं नाही म्हणून तिने मला विचारलं, “रडून राहिली का?” मी म्हटलं, नाही, हसताहेत. “मंग ठीक हाय,” आई म्हणाली आणि पदराने आपले डोळे पुसले. थेंबांमुळे हल्ली पाणी येतं, असं तिने सुनेला सांगितलं.

जेवल्याशिवाय निघू दिलं नाही. जेवताना आईने बर्फाच्या कारखान्याचा शेवट मावशींना ऐकवला, तिने स्वतः केलेला, नवऱ्याच्या मोठ्या भावाचा. मावशी तोंडातला घास तसाच ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “पुस्तकात असं नाही. पण हे बरं हाय.”

पिवळ्या बंगल्याच्या शेवटाचे फोटो मी मोबाइलवर काढून घेतले आणि तुकडा पोत्यात परत ठेवला. निघताना मावशींनी गंजी मागवली. पोत्यातून एक तुकडा निवडला, लंगड्या कारकुनाचा, गंजीत ठेवला आणि वर ताटली झाकली.

“बाकीचे?” आईने विचारलं.

“एकेकच भेटन. हे वाचून घे, मंग दुसरं.”

“मले वाचता येत नाही आता.”

“पोरगी वाचन. मास्तरीण हाय म्हणते ना. तिले म्हण, घाईनं नको वाचू.” मग गंजी आईच्या हातात देताना म्हणाल्या, “आणि हे घेऊन तूच येजो. रिकामी नको आणू.”

परतीच्या वाटेवर आई झोपली. गंजी मी धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून फोन आला. शेवट सापडल्याचं मी गृहस्थांना सांगितलं. पानांचे फोटो दुपारपर्यंत पाठवते, असं मी म्हटलं. त्यांना दुपारपर्यंत थांबवेना. सगळं नको, म्हणाले, निदान खुनी कोण तेवढं सांगा. खूप वर्षं थांबलोय हो.

आई खाटेवर बसून डोळ्यांत थेंब घालून घेत होती. फोनमधलं बोलणं तिला ऐकू येत होतं, तिने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने तो उलटा कानाला लावला, मी सुलटा करून दिला.

“डाक्टर,” आई म्हणाली.

पलीकडून काही तरी विचारणं झालं.

“हो, डाक्टरच. मले पक्कं माहीत हाय.”

मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि डोळे मिटून, थेंब आत मुरेपर्यंत, मान वर करून बसली.

“पाहू आता,” ती म्हणाली, “हा नागपूरवाला बी बोलणं बंद करते का.”